आबांचा सूर

वखारीच्या फाटकात उभं राहून आबांनी तीस वर्षं एकच काम केलं. लाकडानं भरलेले ट्रक उलटे आत घ्यायचे. चालकाला मागचं काही दिसत नसे, तो आबांच्या आवाजावर चाक फिरवी. एवढ्या वर्षांत फाटकाच्या खांबाला एक ओरखडा नाही. असा माणूस म्हातारपणी चार महिन्यांच्या नातीपुढे हरला.

लेक दवाखान्यात नर्स. सोमवारी तिला कामावर हजर व्हायचं होतं. जावई फिरतीवर, म्हणजे पोर सांभाळायला आबाच. पण आबांनी उचललं की नात भोकाड पसरायची.

"हे बघ," आबा तिला ठणकावत, "रडून आजवर कुणाचं भलं झालंय?"

"आबा, तिला नोटीस वाचून दाखवताय का?" लेक म्हणे. "जरा लाडानं बोला की. सूर काढून."

"या वयात तोंड वाकडं करून अले-ले-ले करू? मला नाही जमायचं."

"मग राहते मी घरी. कळवते तसं." आणि ती गंमत करत नव्हती.

रविवारी दुपारी लेक अंघोळीला गेली आणि नातीनं घर डोक्यावर घेतलं. आबांनी तिला बाबागाडीत घातलं, सावलीत न्यावं म्हणून मागच्या दारातून गाडी उलटी ओढायला लागले. दार अरुंद. गळ्यातून आपसूक आवाज निघाला, लांबलचक, झोके घेत जाणारा, "येऊ देऽ, येऊ देऽऽ, थोडं डावीकडेऽऽ... बस्स!"

रडणं मध्येच तुटलं. नात त्यांच्या ओठांकडे टक लावून बघत राहिली. आबा गप्प होताच तिनं पाय झाडले.

"येऊ देऽऽ," आबा पुन्हा म्हणाले. या वेळी हळू, भुवया उंचावून.

तिनं बोळकं उघडलं. "आऽऽ!"

लेक ओल्या केसांनी दारात उभी. "जमायचं नाही म्हणत होता ना?"

"गप. गाडी लागतेय."

सोमवारी लेक निघाली. पाय पुढे, कान मागे. रडणं काही ऐकू येईना. खिडकीतून नुसता आबांचा सूर, आणि मधूनच एक बारीक "आऽऽ". गल्लीच्या तोंडाशी एक टेम्पो उलटा येता येता थबकला होता. चालक मान बाहेर काढून म्हणाला, "ताई, कुणीतरी येऊ दे म्हणतंय, बस्स म्हणतंय, पण माणूस कुठाय?"

"तुम्हाला नाही हो ते," लेक हसत म्हणाली. "तुम्ही जा बिनधास्त. मीही निघते."