छपरावरची खोली आणि एक सॉकेट

मी इलेक्ट्रिक गाडी घेतली त्या महिन्यातच मंदार म्हणाला, "हिच्या डोक्यावर एक खोली बांधू या राव. हॉटेल नको, बुकिंग नको. मनाला येईल तिथं थांबायचं."

मंदार माझा कंपनीतला मित्र. महाळुंग्याला आम्ही एकाच डिझाइन विभागात बसतो. दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्यांचे पत्रे आखायचे, मग एकदा आपल्यासाठी काहीतरी आखावं, एवढाच विचार होता. चिखलीत त्याच्या ओळखीच्या एका फॅब्रिकेशनवाल्याची शेड रविवारी रिकामी असायची. तिथं आमचं काम सुरू झालं.

असं काही करायचा विचार असेल तर आमची पहिली चूक करू नका. आम्ही प्लायवूड वापरलं. तयार झालेली वस्तू दिसायला कॅम्पर, वजनाला लोखंडी कपाट. वर चढवून चाकणपर्यंत जाऊन आलो तर बॅटरीचा काटा बघवेना. वजनापेक्षाही जास्त मारते ती हवा. समोरून उंच भिंत उभी केली की गाडी सगळा वेळ वाऱ्याशी भांडत राहते. शिवाय चालत्या गाडीच्या छपरावर किती भार चालतो हे गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं, ते आधी वाचा. आम्ही नंतर वाचलं.

दुसरा कॅम्पर पाचरीसारखा केला. बंद असताना पुढून अगदी चपटा, मुक्कामाला मागची बाजू वर उचलायची आणि बाजूंना कॅनव्हास ताणायचा. सांगाडा अॅल्युमिनियमचा, भिंती फायबरच्या दोन पातळ पत्र्यांत फोम भरून केलेल्या. उचलायला डिकीच्या झाकणाचे जुने गॅस शॉकर भोसरीच्या भंगारात मिळाले. दोन माणसं आडवी होतील एवढी जागा. पहिल्यांदा उघडून आत झोपलो तेव्हा मंदार छताला हात लावून म्हणाला, "भावा, हे आपलं घर." मलाही तसंच वाटलं होतं.

शनिवारी सकाळी निगडीहून निघालो. माझी बायको वैशाली डबा देत म्हणाली, "चार्जिंगचं नीट बघा. मध्येच अडकाल." चाकणच्या चौकात नेहमीसारखे कंटेनर अडकलेले होते, तिथंच तासभर गेला. पण एकदा राजगुरुनगर मागं पडलं की रस्ता मोकळा. मंचरच्या पुढं दोन्हीकडं ऊस आणि टोमॅटोचे मांडव. नारायणगावात मिसळ खाल्ली. झणझणीत आहे, पाव जास्तीचे मागितले तरी कुरकुर करत नाहीत. ज्यांना तिखट सोसत नाही त्यांनी आधीच दही मागून घ्यावं. मिसळ संपेपर्यंत गाडीभोवती माणसं जमली होती. "वर टाकी हाय का?" एकानं विचारलं. मंदारनं उत्साहानं कॅम्पर उघडूनच दाखवला.

मुक्काम धरणाकाठी करायचा होता, म्हणून तिथून आत डोंगरांकडं वळलो. चढ लागला, समोरून वारा होता, आणि चार्ज आम्ही कागदावर मांडला होता त्याहून भराभर उतरला. अॅपवर ज्या चार्जरला हिरवा ठिपका होता तो प्रत्यक्षात बंद निघाला. यंत्रावर पोतं टाकून सुतळीनं बांधलं होतं. हायवेवरच्या चार्जरपर्यंत कसंबसं पोचता आलं असतं, पण मग धरणाकाठचा मुक्काम गेला. म्हणून ठरवलं की एखाद्या घरी विचारू. रात्रभर साधा पंधरा अँपिअरचा सॉकेट मिळाला तरी सकाळपर्यंत पुरेसं भरतं.

गावाचं नाव मी लिहीत नाही. रस्त्याला लागून घर, समोर मोठं अंगण, मागं धरणाचं पाणी. ओट्यावर साठीचे एक गृहस्थ बसले होते. घरातले त्यांना आण्णा म्हणत होते.

"लावा की गाडी," आण्णा म्हणाले. "लाइटीचं काय एवढं? पैशाचं नाव काढू नका." मग मंदारला विचारलं, "पाव्हणं, आडनाव काय?"

मंदारनं सांगितलं. आण्णांनी मान डोलावली आणि माझ्याकडं बघितलं.

"गायकवाड," मी म्हणालो.

"कुठले गायकवाड?"

हा प्रश्न मी शाळेपासून ओळखतो. माझं आडनाव दोन्हीकडं चालतं, त्यामुळं विचारणाऱ्याला पुढचा प्रश्न विचारावाच लागतो. मी तोंड उघडायच्या आत मंदार म्हणाला, "आपलेच हो आण्णा. माझा आतेभाऊ आहे."

मंदार माझ्या घरी जेवलेला आहे. दारासमोरच्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे, तिच्याखाली बसून जेवलेला आहे. त्याला माहीत नव्हतं असं नाही.

आणि मी गप्प बसलो. केबल काढली, आण्णांनी खिडकीतून सॉकेट दाखवला, गाडीवर हिरवा दिवा लागला. मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची आता किळस येते.

ऊन कलल्यावर आण्णांच्या बायकोनं, काकूंनी, पडवीत जेवायला बोलावलं. पिठलं, भाकरी, कांदा, वर कच्चं तेल. चव उत्तम होती, तेही लिहायला हवं. मंदारनं फोटो काढले. आण्णा खुशीत आले होते.

"आपली माणसं आली की बरं वाटतं," ते म्हणाले. "मागं पुण्याकडची दोघं आली होती तंबू घेऊन. चांगली शिकलेली. इथंच बसवून जेवू घातलं. मागनं कळलं कोण होती ते. हिनं मग सगळं घर धुऊन काढलं."

काकू हसल्या. मंदारही हसला. अगदी थोडं, पण हसला.

"आण्णा, मी बौद्ध आहे," मी म्हणालो. "हा माझा आतेभाऊ नाही."

कोणी ओरडलं नाही. आण्णांनी हातातला घास खाल्ला, पाणी प्यायले. "असं व्हय," म्हणाले. मग उठून आत गेले. जरा वेळानं खिडकीतून आवाज आला, "मोटार चालू करायची हाय. लोड येतोय, वायर काढून घ्या."

काकूंनी मंदारचं ताट उचललं. माझं तिथंच राहिलं. अर्धी भाकरी ताटात सोडून मी उठलो आणि केबल गुंडाळली.

हायवेपर्यंत खिडक्या बंद, एसी बंद, गाडी बैलगाडीच्या वेगानं. उतार होता म्हणून पोचलो.

"एक रात्र गप्प बसला असतास तर काय बिघडलं असतं?" शेवटी मंदार म्हणाला. "मी खोटं बोललो ते तुझ्यासाठीच ना?"

"बॅटरीसाठी बोललास."

"मी असलं काही मानत नाही, तुला माहितीय."

"माहितीय. पण मानणाऱ्याला काय सांगायचं ते तुला पटकन सुचलं."

एका हॉटेलच्या आवारात चार्जर चालू होता. मॅनेजरनं तिथंच गाडी उभी करू दिली. कॅम्पर उघडून आम्ही दोघं आत पाठीला पाठ लावून झोपलो. दोघांसाठी आखलेल्या जागेत इतकं अंतर ठेवता येतं हे मला ठाऊक नव्हतं. कॅनव्हास टिकला, आत ओल आली नाही, हवा खेळती राहिली. डिझाइन म्हणून काही तक्रार नाही.

सकाळी पोहे खाऊन परत निघालो. निगडीला मंदार उतरला, बॅग घेतली, "सोमवारी भेटू," म्हणाला. वैशालीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "जेवण्याआधी सांगायचं होतंस." ते मलाही कळतं.

सोमवारी मंदारनं प्रवासाचे फोटो टाकले. त्यात आण्णांच्या पडवीतला एक आहे. मी भाकरी मोडतोय, आण्णा मला आग्रह करतायत, दोघंही हसतोय. खाली त्यानं लिहिलं होतं, 'गावाकडची माणसं अजून मनानं श्रीमंत आहेत.' भरपूर लोकांनी कौतुक केलं. मी खाली एकच ओळ लिहिली, 'अर्ध्या जेवणातून उठावं लागलं, ते का तेही सांग.' दुपारपर्यंत ती ओळ गायब होती. जेवणाच्या सुट्टीत त्याला विचारलं तर म्हणाला, "लोक छान छान लिहितायत रे. उगाच कशाला विषय?"

आम्ही अजून शेजारीशेजारी बसतो. कामाचं बोलतो. चिखलीच्या शेडकडं दोघांपैकी कोणीच फिरकलेलं नाही.

त्या फोटोखाली कितीतरी जणांनी जागेचा पत्ता विचारलाय, काहींनी मला वेगळा मेसेज करूनही विचारला. कॅम्परचे आराखडे मी सगळ्यांना पाठवीन, खुशाल वापरा. पत्ता मंदारकडं मागा, तो देईल. जागा खरंच सुंदर आहे, अंगणातून सगळं धरण दिसतं आणि जेवण झकास मिळतं. तुमच्यापैकी बहुतेकांना तिथं काहीच त्रास होणार नाही.