अक्कांची उलटतपासणी

चार जुने वकील एकत्र बसले की कायद्यावर कुणी बोलत नाही. कायदा विसरला तरी चालतो, किस्से विसरत नाहीत. आमच्याकडे तर ते इतके साठलेत की गोपाळ आणि मी भेटलो की कॉफी थंड होते. बहुतेक सगळे अक्कांचे. अक्का वकील नव्हत्या, पण कानडी मुलखातल्या आमच्या बसवनगुडीच्या ऑफिसात त्यांच्याइतका धाक कुणाचाच नव्हता.

आमचे सीनियर भीमराव. खालच्या मजल्यावर ऑफिस, वर घर. जिन्याच्या खाली ते 'सर', वर गेले की 'अण्णा'. अक्का त्यांच्या पत्नी. साल पन्नास-बावन्नच्या सुमारास आम्ही लॉ कॉलेजातून त्यांच्याकडे शिकायला आलो. मी, गोपाळ आणि बेळगावकडचा माधव.

अण्णांचा एक नियम होता. शनिवारी संध्याकाळी वरच्या पडवीत कोर्ट भरायचं. अण्णा न्यायाधीश, अक्का साक्षीदार, आणि भांडण घरातलंच काहीतरी. दूध कसं उतू गेलं, छत्री कुणी हरवली. आम्ही उलटतपासणी घ्यायची. जो अक्कांपुढे टिकेल, त्यालाच खऱ्या कोर्टात उभं राहायची परवानगी.

आम्हा दोघांना घाई नव्हती. माधवला होती. त्याच्या वडिलांचं कापडाचं दुकान. त्यांनी बजावून ठेवलं होतं की उगादीपर्यंत, म्हणजे पाडव्यापर्यंत, कोर्टात उभा राहिलास तर ठीक, नाहीतर परत यायचं आणि गादीवर बसायचं. माधवला कापडाचा वाससुद्धा सहन होत नसे.

*

पहिल्या शनिवारी गोपाळ उठला. कॉलेजात त्याला बक्षिसं मिळालेली, त्यामुळे ऐट होती. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे त्याने सुरुवातीलाच अक्कांना त्यांचं वय विचारलं.

"आधी आईला तिचं विचारून ये," अक्का म्हणाल्या. "तिनं सांगितलं, की मी सांगते."

गोपाळने आशेने न्यायाधीशांकडे पाहिलं. अण्णांनी प्रश्न गैरलागू ठरवला. वर म्हणाले, तब्येतीलाही बरा नाही.

*

माझी पाळी आली तेव्हा अवरेकायचे दिवस होते. अवरेकाय म्हणजे पावट्याच्या शेंगा, थंडीत गांधी बाजारात ढीग लागतात. अक्का टोपली घेऊनच साक्षीला बसल्या. मी पहिला प्रश्न विचारला तशा त्या म्हणाल्या, "तोंड चाललंय, हात रिकामे का रे? स्वल्प सोल की."

मी सोलत सोलत विचारू लागलो. आदल्या दिवशी सार खारट झालं होतं, ते मला सिद्ध करायचं होतं. आवाज चढवून मी म्हणालो, "सारात मीठ जास्त पडलं होतं, हे खरं की नाही?"

"मग परत वाढून का घेतलंस?"

मी खाली बसलो. शेंगा सगळ्या सोलून झाल्या होत्या आणि साक्षीदार अगदी ताजीतवानी होती.

*

माधवचं तर हसू यायचं आणि वाईटही वाटायचं. तो घाबरून इतक्या बारीक आवाजात बोलायचा की अक्कांना दया यायची. एकदा त्याने "आपण त्या वेळी कुठे होता?" असं विचारताच त्या उठून आत गेल्या आणि त्याच्यासाठी उप्पिट्टू घेऊन आल्या. बिचाऱ्याने ते खाल्लं. खाऊन झाल्यावर पुढचा प्रश्न काय होता ते त्याला आठवेना. अण्णांनी तारीख दिली.

*

आम्ही दोघे पुढे कसेबसे पास झालो. गोपाळ पहिल्यांदा मुन्सिफ कोर्टात उभा राहिला, तर समोर साक्षीला एक म्हातारी. गोपाळने सवयीने तिला 'अक्का' म्हटलं. म्हातारी विरघळली. पिंजऱ्यातूनच तिने विचारलं, "ऊट आयता, मगा?" जेवलास का, बाळा?

समोरच्या वकिलांनी हरकत घेतली. मुन्सिफ साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. म्हणाले, "साक्षीदाराने प्रश्न विचारायचे नसतात. पण प्रश्न बरोबर आहे. कोर्ट जेवणानंतर."

*

राहिला माधव. उगादीच्या आधीचा शेवटचा शनिवार आला. वडिलांचा निरोप येऊन गेला होता आणि त्याने ट्रंकही भरून ठेवली होती. आम्हाला खरंच गलबलून आलं होतं.

त्या दिवशी विषय अक्कांनी स्वतःच काढला. सणाचा म्हैसूरपाक डब्यात भरून ठेवला होता, तो आदल्या दुपारी कुणीतरी खाल्ला. डॉक्टरांनी अण्णांचं गोड बंद केल्याला तेव्हा महिना झाला असेल. अण्णा म्हणाले, विषय फार किरकोळ आहे, दुसरा घेऊ. अक्का म्हणाल्या, हाच घ्यायचा.

माधव उठला. या वेळी आवाज स्वच्छ होता.

"काल दुपारी आपण कुठे होता?"

"मधल्या खोलीत."

"तिथून डबा दिसतो?"

"दिसतो की."

"डब्यात हात घालताना कुणाला पाहिलंत का?"

"चांगलं पाहिलं."

आता एकच प्रश्न उरला होता. गोपाळने मला कोपराने ढोसलं. माधव जिंकल्यातच जमा होता. न्यायाधीशांच्या खुर्चीत अण्णा चष्मा पुसत होते, आणि तो काही केल्या स्वच्छ होत नव्हता.

माधवने अक्कांकडे पाहिलं. मग अण्णांकडे पाहिलं.

"आणखी प्रश्न नाहीत, युअर ऑनर," तो म्हणाला आणि खाली बसला.

गोपाळने कपाळावर हात मारला. अक्का तर खुर्चीवरून अर्ध्या उठल्या. "अरे, कोण ते विचार की! मी सांगते ना!"

"विचारल्याशिवाय साक्षीदाराने बोलायचं नसतं," अण्णा घाईघाईने म्हणाले. "कोर्ट उठलं."

चष्मा डोळ्यांवर चढवून ते जिन्याकडे निघाले. पहिल्या पायरीवर थांबले आणि मागे न बघताच म्हणाले, "माधव, सोमवारी मुन्सिफ कोर्टात तू उभा राहा. कोटाला इस्त्री करून ये."