कऱ्हाटीचा देवदार

"देवदार पिवळा पडतोय, येऊन बघा," असं तात्यांचं कार्ड आलं आणि मी दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं निघालो. तात्या म्हणजे माझ्या दोस्ताचे, सखारामचे वडील. सखाराम फौजेत होता. हिमालयातून रजेवर येताना त्यानं शेवाळात गुंडाळून देवदाराची दोन रोपं आणली. एक पुण्यात माझ्या रोपवाटिकेला दिलं, दुसरं कऱ्हाटीला दारात लावलं. परत गेला तो बर्फाखाली गाडला गेला.

कुणाला जायचं असेल तर सांगतो: सासवड, जेजुरी, मोरगाव असा रस्ता. पुढच्या बाकावर बसा, मागं हाडं खिळखिळी होतात. जेजुरीला दोन आण्यांत गरम भजी आणि चहा मिळाला. मोरगावनंतर हिरवं दिसायचंच थांबलं. मृग तोंडावर आला होता, कऱ्हा नदी कोरडी होती.

अशा गावात तात्यांच्या दारी कमरेएवढा देवदार उभा, आणि बुंध्याशी पाण्याचं डबकं!

"रोज दोन घागरी घालतो," तात्या म्हणाले. "थंड मुलखातलं झाड हाय. आमी कमी वापरतो, पन त्याला कमी पडू दिलं न्हाय."

मी माती उकरली. मुळं काळी पडली होती, कुजका वास येत होता. मला फार अपराधी वाटलं. "पाणी कमी पडू देऊ नकोस" असं सखारामला मीच तर सांगितलं होतं. माझ्या डोक्यात पुण्याची मुरमाड जमीन होती, इथली चिकण काळी माती मी पाहिलीच नव्हती.

"तात्या, चूक माझी आहे. मी सांगेपर्यंत पाणी बंद ठेवा. मुळं गुदमरलीत."

सखारामची आई दारातून म्हणाली, "पोराच्या झाडाला उनात तहानेलं ठिवू व्हय?"

मग तात्यांनी कुदळ आणली. आम्ही कुजकी मुळं छाटली, मुरूम कालवून झाड उंचवट्यावर बसवलं, मावळतीच्या उन्हाला आडोसा म्हणून तरट बांधलं. आईंनी भाकरी-ठेचा वाढला, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

"माझं रोप आणून देऊ?" निघताना मी विचारलं.

"ते त्यानं तुमाला दिलंय," तात्या म्हणाले. "ऱ्हाऊ द्या तितंच."

घरी आलो. माझा देवदार ताठ उभा होता, त्याच्याकडे बघायचीही मला लाज वाटायची. पावसाळाभर कार्ड आलं नाही. दिवाळीनंतर आलं: "शेंड्याला बोटभर हिरवं फुटलंय. पानी बंदच हाय. पन सखारामची आई रोज सकाळी रिकामी घागर घिऊन झाडापाशी बसती. एक तांब्या घातला तर चालंल का?"

मी उलट टपाली लिहिलं, "चालेल. आईंच्याच हातानं घाला."