पाचशे मीटरच्या आतली दोन माणसं

सुरतेला लोक खायला जातात, नाहीतर साड्या घ्यायला. मी कुमुदला आणायला निघाले होते. नाशिकच्या कॉन्व्हेंटमध्ये आम्ही आठ वर्षं एका बाकावर बसलो. पुढे ती सुरतेच्या मराठी शाळेत भूगोल शिकवायला गेली आणि निवृत्तीनंतर शहराबाहेर, इच्छापोरच्याही पुढे, शेताच्या कडेला, बैठं घर बांधून एकटीच राहिली. आता गुडघ्यांनी हात टेकले. दिवाळीत म्हणाली, "शैला, येते तुझ्याकडे कायमची." महिन्याभरात पुन्हा फोन. "नाही जमणार गं. माझ्या शेजारी कारखान्यांचा विषारी कचरा पुरायची जागा ठरतेय."

"मग तर लगेच नीघ!"

"अगं, मी निघाले की त्यांचा नकाशा बरोबर ठरतो."

हे काही मला समजलं नाही, म्हणून मीच गेले.

नाशिकहून सापुतारामार्गे जाणारी एसटी सकाळचीच घ्या आणि घाटापुरतं पोट हलकं ठेवा. सुरतेला उतरल्यावर गरम लोचो, म्हणजे फसलेला मऊ ढोकळाच, वर कच्चं तेल आणि शेव. थंडीत गेलात तर पोंक सोडू नका. आपला हुरडाच तो, पण लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर खातात.

रिक्षावाला डिंडोलीत राहणारा, मूळचा शिरपूरचा. पत्ता ऐकून अहिराणीत म्हणाला, "तठे कोनीच ऱ्हास नही, माय. बठ्ठ्या फॅक्टऱ्या."

म्हटलं, कुमुदबाई राहतात. त्यानं करकचून ब्रेक दाबला. "कुमुदबाई? त्यास्नीच माले नकाशा शिकाडा!" गुजरात काढताना खंबातचं आखात विसरला म्हणून हा गृहस्थ पूर्ण तास उभा होता. साडेतीनशे ठरले होते, तीनशेच घेतले.

कुमुदनं रात्री खिचडीवर सगळं सांगितलं. नियम असा की, या कचऱ्याच्या जागेपासून पाचशे मीटरच्या आत वस्ती नको. त्या जागेच्या अहवालात लिहिलंय, वस्ती नाही. आणि जागेबद्दल कुणाला हरकत असेल तर लोकसुनावणीला या, अशी नोटीस मात्र पोस्टानं ह्याच घरी आली! कुमुद पाकीट घेऊन सुनावणीला गेली. उत्तर मिळालं, "बेन, नोटीस पाठवणारे वेगळे, नकाशावाले वेगळे." शेवटी प्रत्यक्ष पाहणी करायचं ठरलं. तीही नेमकी मी पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी.

सकाळी एक साहेब आणि एक मोजणीदार आले. मोजणीदारानं काठीला लावलेलं चाक शेतातून ढकलत आणलं. कुमुद काठी टेकत त्याच्या मागे. "चाक ढेकळावरून उडालं. परत ने." बिचाऱ्यानं परत नेलं. अंतर भरलं तीनशे बारा मीटर. मी टाळ्या वाजवल्या.

साहेबांनी नकाशा उलगडला. "पण बेन, आ घर नकशामां नथी."

"तुम्ही उभे कुठे आहात?" कुमुदनं विचारलं.

साहेबांनी पायाखाली पाहिलं, मग नकाशात पाहिलं. "खेतरमां," ते म्हणाले. शेतात. आम्ही स्वयंपाकघरात होतो.

दुपार झाली. कुमुदनं दोघांना जेवायला बसवलं. नसलेल्या घरात त्यांनी नसलेल्या नळावर हात धुतले, मोबाइल चार्जिंगला लावला आणि शेवभाजीबरोबर कळण्याच्या भाकरी खाल्ल्या. साहेबांनी तिसरी मागून घेतली.

ढेकर दिल्यावर त्यांचं मन पाघळलं. घर आहे, हे त्यांनी मान्य केलं. "पण एक घर, एक बाई. इसको बस्ती कैसे लिखूँ?" त्यांनी वरिष्ठांना फोन लावला. किती माणसं झाली की वस्ती होते, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. बरंच हो-हो करून साहेबांनी फोन ठेवला. "एक से ज़्यादा चाहिए."

मग ते कोण राहतं ते तपासू लागले. चुलीपाशी गेले, पलंगाखाली वाकले. न्हाणीघरात बराच वेळ होते. बाहेर आले ते हसतच. "ब्रश तो दो हैं!"

दुसरा माझा होता.

"आप भी यहीं रहती हैं?"

मी नाशिकची, हे अगदी ओठांवर आलं होतं. कुमुदकडे पाहिलं. शाळेत ही बाई कधी कुणाला उत्तर दाखवायची नाही, स्वतःही बघायची नाही. ती मान खाली घालून ताटं गोळा करत होती.

"हो," मी म्हटलं. "इथंच राहते." आमच्या सिस्टरनं ऐकलं असतं तर दोन्ही हातांवर पट्टी बसली असती.

"रिश्ता?"

"एका बाकावरच्या." त्यांनी लिहिलं, बहिणी. वस्ती, दोन. पाहणीच्या अहवालावर सह्या झाल्या, एक प्रत मला मिळाली. जाताना म्हणाले, जागेचा निर्णय होईपर्यंत न कळवता पुन्हा कधीही येऊ. दोघी असायला हव्यात.

आम्ही आधी पोट धरून हसलो. मग कुमुद म्हणाली, "तू जा हं. ब्रश ठेवून जा. मी सांभाळून घेईन."

चौथ्या दिवशी मी परतीची एसटी धरली. चलथाणला साखर कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या गाड्यांमागे तासभर अडकलो, तेवढा वेळ हाताशी ठेवा.

नाशिकला येऊन आता तीन आठवडे झाले. प्रवासातून मी काय आणलं म्हणाल तर पोंकाची शेव, तीही संपली. तिकडे मात्र मी सरकारी कागदावर राहून आले. फोनवर कुमुदनं सांगितलं की, रोज सकाळी ती माझा ब्रशही ओला करून ठेवते, कोरडा दिसायला नको. त्या रात्री मला झोप लागली नाही.

काल पेन्शनच्या बँकेत पत्ता बदलायला गेले. काउंटरवरच्या मुलीनं नव्या पत्त्याचा पुरावा मागितला. माझ्याजवळ एकच होता, तो पाहणीचा अहवाल. तिनं शिक्का पाहिला, तारीख पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"आजी, यात तर तुम्ही तीन आठवड्यांपासून सुरतेलाच राहताय. मग इथं?"

"पाहुणी आलेय," मी म्हटलं. "सोमवारी घरी जाणार."