लघुपटांतले आजोबा

तीन वर्षांपूर्वी पुण्यातल्या स्थानिक लघुपटांच्या महोत्सवात ते एका दुपारी चार वेळा मेले. पहिल्या चित्रपटात आरामखुर्चीत, दुसऱ्यात खडकवासल्याच्या पाण्याकडे बघत, तिसऱ्यात मुलाचा परदेशातून फोन वाजत असताना. चौथ्यात ते सुरुवातीपासूनच मेलेले होते. भिंतीवर हार घातलेला फोटो, एवढंच काम.

हा महोत्सव बातमीदार म्हणून दरवर्षी माझ्याच वाट्याला यायचा. मध्यंतरात मी त्यांना म्हणालो, "चौथ्यात काम कमी होतं."

"म्हणून फोटो चांगला दिला," ते म्हणाले.

असे लघुपट तुम्हीही पाहिले असतील. म्हातारा एकटा असतो. तो बोलत नाही. खिडकीतून बघतो, चहा गार होतो, बासरी वाजते, म्हातारा मरतो. बारा मिनिटं. मग दिग्दर्शक मंचावर येऊन वीस मिनिटं त्याचा अर्थ सांगतो.

ते कसबा पेठेत राहायचे, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. पैसे घेत नसत, वेळेवर येत, स्वेटर घरचाच आणत. त्यामुळे सगळ्यांनाच हवे असायचे. चित्रीकरणाला पोचले की चपला काढता काढता विचारायचे, "कुठे मरायचं ते सांगा. चहा नंतर घेतो."

चित्रपट कसा झाला असं मी विचारलं, तर ठरलेलं उत्तर यायचं. "विचार फार खोल आहे हो. इतका खोल, की चित्रपट सापडत नाही."

तरुणपणी कचेरीच्या नाटकांत त्यांनी भरपूर संवाद म्हटले होते. लघुपटांत कोणी एकही वाक्य दिलं नाही. "एकदा खोकलो," ते म्हणाले, "तोही काढला."

पुढच्या वर्षी वारज्याच्या एका तरुण दिग्दर्शिकेने त्यांना संवाद दिला. कागदोपत्री मृत ठरलेला पेन्शनर खिडकीपलीकडच्या कारकुनाला चार मिनिटं सुनावतो, की मी जिवंत आहे. शेवटपर्यंत मरत नाही. त्यांनी दोन महिने पाठांतर केलं. मला मुद्दाम फोन केला. "या वेळी सौ. येणार आहेत. आजवर म्हणायच्या, तुम्हाला मेलेलं बघायला मी कशाला येऊ?"

त्या आल्या. ठेवणीतली साडी नेसून तिसऱ्या रांगेत त्यांच्याशेजारी बसल्या. चित्रपट सुरू झाला. पेन्शनची खिडकी आली. पडद्यावर त्यांनी तोंड उघडलं आणि बासरी वाजू लागली. चार मिनिटं त्यांचे ओठ हलत होते, हात हलत होता, आणि बासरी वाजत होती. त्यांनी पत्नीकडे पाहिलं नाही.

नंतर मंचावर त्यांना शेजारी उभं करून दिग्दर्शिकेने खुलासा केला. "एडिटला बसल्यावर जाणवलं, शब्द जड होतायत. काकांचे डोळेच इतकं बोलतात ना." टाळ्या झाल्या. तिने माइक त्यांच्यापुढे धरला. "काका, दोन शब्द?"

"नको," ते म्हणाले. "जड होतील."

लोक हसले. पुन्हा टाळ्या झाल्या.

खाली आल्यावर पत्नीने विचारलं, "ओठ हलत होते तुमचे. काय म्हणत होतात?"

"चला. रिक्षा मिळते का बघू."

संध्याकाळी पारितोषिकं जाहीर झाली. त्या चित्रपटाला मौनाच्या प्रभावी वापराबद्दल विशेष पारितोषिक मिळालं. परीक्षकांनी मौनावर बराच वेळ भाषण केलं. बातमी मी दिली, सहा ओळी.

त्यानंतर त्यांनी कुठल्याच लघुपटात काम केलं नाही. काका फोन का उचलत नाहीत, असं दिग्दर्शिकेने मला दोनदा विचारलं. तिच्याकडे नवा विषय होता. त्यातही म्हातारा होता.

काही दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. ते भाजी आणायला गेले होते. पत्नीने चहा टाकला आणि सांगितलं, की त्या दिवशी घरी आल्याबरोबर, कपडेही न बदलता, त्यांनी ओट्याशी उभं राहून सगळा संवाद म्हणून दाखवला होता. मोठ्याने.

निघताना मी समोरच्या घरी खातरजमा केली. तिथल्या बाईंनी दुजोरा दिला. शब्दन् शब्द ऐकू येत होता, त्या म्हणाल्या. शेवटी बाईंनीच आपली खिडकी लावून घेतली होती.