माझा तीन पानी खुलासा

मिल्टन कीन्समधल्या त्या ऑफिसात आम्ही दहा जण होतो, त्यातले नऊ जपानी. दहावी मी, पुण्याची. जपानहून मशीनचे सुटे भाग यायचे, आमच्या गोदामातून ब्रिटनभर जायचे, आणि त्या सगळ्या स्टॉकची सिस्टिम माझ्याकडे होती. इंटरव्ह्यू इंग्रजीत झाला होता. भाषेचा काही प्रॉब्लेम येणार नाही म्हणाले. त्यांना आला नाही, हे खरंच आहे.

माझं प्रोबेशन सहा महिन्यांचं. ते पार पडलं तर स्पॉन्सरशिप चालू, नाहीतर व्हिसा गेला, आणि माझ्या व्हिसावर नवऱ्याचा आणि लेकीचा व्हिसा टांगलेला. लेक शाळेत इयर टूला होती, मैत्रिणी जमवून बसली होती. त्यामुळे ऑफिसात जपानीत कोणी हसलं तरी मी स्क्रीनवरून मान वर करून बघायचे. मला हसतायत का? आणि हळू आवाजात बोलायला लागले की हातातलं काम तसंच राहायचं. मीटिंगमध्ये मी नुसती चेहरे बघत बसायचे आणि घरी येऊन नवऱ्याला सांगायचे, आज साहेबांच्या भुवया ठीक होत्या.

पाचव्या महिन्यात घोळ झालाच. गोदामातले रॅक हलवायचं काम चालू होतं. साहेबांनी भिंतीवरच्या बोर्डावर लिहिलं होतं, सोमवारपर्यंत सिस्टिममध्ये काही बदलू नका. जपानीत लिहिलं होतं. तो बोर्ड रोजच भरलेला असायचा, मला तो रांगोळीइतकाच कळायचा. मी शुक्रवारी नेहमीसारखा अपडेट चालवला, रॅकचे नवे नंबर पुसून जुने आले, आणि सोमवारी नॉटिंगहॅमच्या एका कारखान्याला भलतेच पार्ट गेले. त्यांचं काम दिवसभर बंद पडलं.

मंगळवारी सकाळी साहेब माझ्या डेस्कपाशी आले. पन्नाशीचे, बारीक अंगाचे, आवाज कधी न चढवणारे. ओरडले असते तर बरं झालं असतं, ओरडणं मला कळतं. ते फोनच्या ट्रान्सलेटरमध्ये काहीतरी बोलले आणि स्क्रीन माझ्यासमोर धरली. काय झालं आणि का झालं ते कृपया कागदावर लिहून द्या, गुरुवारपर्यंत. मग मान किंचित झुकवून निघून गेले.

लेखी मागितलं. म्हणजे संपलंच, मी म्हटलं.

माझ्या बाबांची सगळी नोकरी सरकारी कचेरीत गेली. आमच्या घरात मेमो, खुलासा, चौकशी हे शब्द मी बाराखडीच्या आधी शिकले असेन. तोंडी काय वाटेल ते कबूल कर, पण लेखी एक अक्षर देऊ नकोस, हा बाबांचा मंत्र. मी त्यांना फोन लावला.

"ते कागद तयार करतायत तुझ्याविरुद्ध," बाबा म्हणाले. "चूक मान्य करायची नाही. खुलासा द्यायचा, पुराव्यासकट."

नवरा म्हणाला, "अगं, पण आधी कोणाला तरी विचार ना."

"कोणाला विचारू? आणि कुठल्या भाषेत?" मी त्याच्यावरच डाफरले.

तीन पानं लिहिली मी. इंग्रजीत, मुद्दे घालून, ईमेलच्या प्रिंट जोडून. बोर्ड जपानीत होता. मला कोणीही सांगितलं नाही. सगळ्यांना समजेल अशा भाषेत सूचना देणं ही मॅनेजरची जबाबदारी आहे. एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि लिहिताना मला चांगलाच जोर चढला होता. बुधवारी साहेबांना नेऊन दिलं. त्यांनी उभं राहून, दोन्ही हातांनी, प्रसाद घ्यावा तसं घेतलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या डेस्कवरच्या बाईंनी विचारलं, लिहून झालं का? ऑफिसात धड इंग्रजी बोलणाऱ्या त्या एकट्याच. मी म्हटलं, तीन पानं. तीन? त्यांनी खुर्चीच माझ्याकडे वळवली.

मग त्यांनी सांगितलं. असा कागद इथे सगळेच लिहितात. त्यांनी स्वतः चार लिहिले होते. काय चुकलं, माफ करा, यापुढे अशी काळजी घेईन. अर्धं पान. ते फाइलला लागतं, एक प्रत हेड ऑफिसला जाते आणि विषय मिटतो. त्यावरून कोणाची नोकरी जात नाही. बोलता बोलता त्यांनी कपाटातून ती फाइलच काढली.

सगळ्यात वर माझी तीन पानं होती, नीट पंच करून लावलेली. त्याखाली साहेबांचा कागद, सोमवारच्या तारखेचा, म्हणजे माझ्याकडे मागायच्या आधीचा. बाईंनी तो मला वाचून दाखवला. नव्या सहकाऱ्याला समजेल अशा भाषेत मी सूचना दिली नाही. चूक माझी आहे, तिची नाही. यापुढे बोर्डावर इंग्रजीतही लिहीन.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तीन पानं खर्चून जे त्यांच्यावर ढकललं होतं, ते त्यांनी आधीच चार ओळींत स्वतःवर घेतलेलं होतं. आणि आता माझ्या पानांची प्रतही हेड ऑफिसला गेली होती, सहीसकट.

मी तशीच त्यांच्याकडे गेले, कागद परत द्या म्हणाले. ट्रान्सलेटरने त्यांचं उत्तर दाखवलं: तुम्ही लिहिलेलं बरोबर आहे.

पुढच्या महिन्यात त्यांनी माझ्या प्रोबेशनच्या फॉर्मवर सही केली. लेकीची शाळा वाचली. आणि उन्हाळ्याच्या आधी कळलं, साहेबांना परत जपानला बोलावलंय. बाई म्हणाल्या, बदल्या होतच असतात. पण त्यांचं इथलं अजून एक वर्ष बाकी होतं, असं मीच कुठेतरी ऐकलं होतं. की ऐकलं नव्हतं, नुसते चेहरे बघून धरून चालले होते? माझ्या तीन पानांमुळे का, हे साहेबांना विचारायला माझ्याकडे शब्द नव्हते, आणि ट्रान्सलेटरपुढे असलं काही बोलायचा धीर झाला नाही.

त्यांच्या शेवटच्या दिवशी मी अर्धं पान नेलं. जपानीत. बाईंकडून लिहून घेतलं होतं आणि आठवडाभर स्वयंपाकघरात बसून गिरवलं होतं. बोर्डावर काय लिहिलंय ते मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. चूक माझी आहे. माफ करा.

दोन्ही हातांनी दिलं. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. फाइल त्यांच्या हाताशीच होती. त्यांनी कागदाची घडी घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.