कव्हरला खिडकी

माझा मामा कव्हरं शिवतो. सोफ्याची, मिक्सरची, स्कूटरची. गिऱ्हाईक नुसतं माप देऊन जातं आणि मामा पायपिंग लावून अशी काही शिवण घालतो, की आतली वस्तू बाहेर काढायला हात धजत नाही. घरातही तोच प्रकार. टीव्हीचा रिमोट कव्हरात, चष्म्याच्या डबीला कव्हर, आणि छत्रीची पिशवी भिजू नये म्हणून तिला आणखी एक पिशवी. गल्लीत त्याला झाकणमास्तर म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि त्याला तो मान वाटतो.

या माणसाकडे एक जुनी व्हॅन आहे. तिच्यावर त्याचा इतका जीव, की तो ती चालवतच नाही. दुकानासमोर जाड राखाडी कव्हराखाली ती उभी असते. उभ्या उभ्या बॅटरी उतरते, आणि मग कुठे जायचं म्हटलं की धक्का मारायला सगळी गल्ली गोळा करावी लागते. मामी पर्स मांडीवर घेऊन आत, आम्ही घामाघूम मागे. गेल्या खेपेला मामी अर्ध्या गल्लीतच खाली उतरली आणि बहिणीकडे बसने गेली. परत आली ती ठरवूनच. पुढच्या महिन्यात पुन्हा बहिणीकडे जायचं होतं. त्या दिवशी व्हॅन पहिल्या किल्लीला चालू झाली नाही, तर ती कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला विकून टाकायची. त्याचा डोळा होताच व्हॅनवर.

मामाचं जेवणातून लक्ष उडालं. शेवटी तो त्याच गॅरेजवाल्याकडे गेला. माणूस सरळ. त्याने बॅटरी चार्ज करून दिली, आणि पाटीएवढं एक सोलर पॅनल पुढच्या काचेमागे ठेवून त्याच्या वायरी बॅटरीला जोडल्या. रोज थोडं थोडं चार्जिंग होत राहील, बॅटरी उतरणार नाही, असं म्हणाला. तुम्ही फक्त काही करू नका, असंही म्हणाला.

काही न करणं मामाला कधी जमलेलं नाही.

दोन-चार दिवसांनी मी दुकानात गेलो, तर मामा जीभ दातांत धरून मखमलीचं काहीतरी चिमुकलं शिवत होता. चारी कडांना पायपिंग, मागे नाडी. पॅनलचं कव्हर होतं ते. नवी वस्तू आहे, उन्हाने काळी पडेल, असं त्याचं म्हणणं. पॅनल मुळातच काळं होतं, पण मामाच्या शिवणकामात कुणी बोलत नाही. त्याने पॅनलला मखमल चढवली, वरून व्हॅनवर राखाडी कव्हर ओढलं, आणि सूर्याने आता आपलं काम करावं अशा समाधानाने तो मशिनवर जाऊन बसला.

महिना अर्धा सरला. मामी चहा घेऊन दुकानात आली होती. गप्प राहिली असती तर तिचंच फावलं असतं. पण तिला राहवलं नाही.

"अहो, त्या पॅनलला ऊन कुठून लागतं?"

मामाने चहा खाली ठेवला. मग बाहेर जाऊन मखमल तेवढी काढून आला.

"आणि वरचं?" मामी म्हणाली.

"अगं, रंग उडेल तिचा."

"गाडी गेल्यावर रंग कुणाचा बघणार आहात?"

मामाने त्याच दुपारी राखाडी कव्हर टेबलावर पसरलं. पॅनलचं माप घेतलं, खडूने चौकोन आखला, पुसला, पुन्हा आखला. शिवून झालेल्या कव्हराला त्याने जन्मात कात्री लावली नव्हती. मला म्हणाला, तू काप. मी कात्री उचलली, तर म्हणाला, ठेव खाली. शेवटी चेहरा कसनुसा करून स्वतःच कापलं. भोकाला पारदर्शक प्लास्टिकची खिडकी बसवली. पायपिंग अर्थातच लावली.

जायच्या दिवशी गॅरेजवाला मुद्दाम येऊन उभा राहिला. मामी पर्स घेऊन आत बसली. आम्ही सवयीने मागे हात लावले होते. मामाने किल्ली फिरवली आणि व्हॅन लगेच चालू झाली, इतकी लगेच की आमचे हात हवेतच राहिले. मामाने मान वळवून गॅरेजवाल्याकडे एकदा बघितलं, आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"बंद का केलीत?" मामी म्हणाली.

"झाली ना चालू. बास. कव्हर घालतो."

"अहो, गाडी विकायची नाही असं ठरलं. चालवायची नाही असं नाही ठरलं."

मामाने पुन्हा किल्ली फिरवली.